अपघात शिनोळीजवळ, दवाखाना बेळगावात, मग क्लेम कुठे आणि कधीपर्यंत?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव तालुक्यातले एक गृहस्थ लिहितात: धाकटा भाऊ, वय 34, गवंडीकाम करतो. 14 ऑगस्ट 2025 ला संध्याकाळी वेंगुर्ला रोडने मोटारसायकलवरून घरी येत असताना शिनोळीजवळ, महाराष्ट्राच्या हद्दीत, मागून आलेल्या पिकअपने ठोकलं. उजव्या पायाची नडगी मोडली, रॉड घातलाय, अजून काठी सुटलेली नाही. पिकअप एमएच 09 पासिंगची. फिर्याद तिकडच्या ठाण्यात, उपचार बेळगावात. पोलिसांचे सगळे कागद अजून हातात नाहीत. दवाखान्यात भेटलेला एक एजंट सांगतो, "घाई करू नका, पाय बरा होऊ दे. तीन वर्षं वेळ असतो. केस कोल्हापूरलाच घालावी लागेल. आलेल्या पैशातले तीस टक्के माझे." यातलं खरं काय?

खरं काहीच नाही. मी बेळगावच्या कोर्टात वीसेक वर्षं ही कामं करतोय. चार वाक्यांत चार चुका म्हणजे एजंट अनुभवी असणार.

आधी मुदतीचं बघू, कारण बाकीचं नंतर दुरुस्त करता येतं, हे येत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 166 मध्ये सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत होती. 1994 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, आणि त्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षं अपघाताचा क्लेम कधीही घालता यायचा. पाच-पाच वर्षांनी आलेल्या केसेस मी स्वतः चालवल्यात. लोकांच्या मनात (आणि काही वकिलांच्याही) तोच काळ बसलाय. पण 2019 च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले आणि 1 एप्रिल 2022 पासून ते लागू आहेत. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज. जुन्या कायद्यात योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ व्हायचा, नव्या कलमात तशी तरतूदच ठेवलेली नाही. एजंटाची तीन वर्षं कुठून आली याचा अंदाज करता येतो: मुदतीच्या सर्वसाधारण कायद्यात बऱ्याच दाव्यांना तीन वर्षं आहेत. ती इथे लागू नाहीत.

या सहा महिन्यांच्या अटीला आव्हान दिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये अंतरिम आदेश दिला, की हा प्रश्न सुटेपर्यंत न्यायाधिकरणांनी (म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टांनी) आणि उच्च न्यायालयांनी केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. ज्यांची मुदत आधीच गेलीय त्यांना ही मोठी सोय आहे. असं कुणी ओळखीत असेल तर घरी बसू नका म्हणून सांगा, लगेच अर्ज घालायला लावा. पण तुमच्यासाठी हा आदेश नाही असंच समजा. अंतरिम म्हणजे अंतरिम. निकाल कसा लागेल यावर भावाचा पाय कशाला पणाला लावायचा?

आता तुमचा हिशेब. अपघाताचा दिवस धरत नाहीत, आणि महिना कॅलेंडरचा. 14 ऑगस्टचे सहा महिने 14 फेब्रुवारीला भरतात. 14 फेब्रुवारी 2026 हा दुसरा शनिवार, कोर्ट बंद. 15 ला रविवार, त्यात महाशिवरात्र. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं, म्हणजे सोमवार, 16 फेब्रुवारी. हे मी माहितीसाठी सांगतोय, 16 ला या म्हणून नव्हे. हे लिहितोय तेव्हा जानेवारी 2026 चा पहिला आठवडा आहे. या महिन्यातच अर्ज आत गेला पाहिजे.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजतात, मृत्यूच्या तारखेपासून नाही. खानापूर तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद इस्त्री केल्यासारखे लावून आणलेले. नवरा अपघातानंतर सात महिने अंथरुणावर होता, मग गेला. "माणूस जिवंत असताना कोर्टात कसं जायचं, बरं दिसत नाही," म्हणून घरचे थांबलेले. जखमी माणसाच्या नावाने अर्ज आधी घातलेला असता, तर तो गेल्यावर त्याच अर्जात बायकामुलांची नावं लावता आली असती. हक्क मरत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणून घरात कुणी गंभीर असेल तर थांबू नये. दिसायला वाईट दिसतं, मान्य.

"पाय बरा होऊ दे" हे वाक्य यासाठीच धोक्याचं. अर्ज घालायला पाय बरा असावा लागत नाही. अपघात कधी, कुठे, कोणत्या गाडीने, जखम काय, माणूस काय कमावत होता, आणि मागणी किती, एवढं लागतं. मागणीचा आकडा नंतर वाढवून घेता येतो. अपंगत्वाचा दाखला नंतर, रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन नंतर, त्याची बिलं नंतर. पुरावा नोंदवायला येईपर्यंत तसाही काळ जातो. थांबायचं असेल तर तडजोडीला थांबा: पाय नीट जुळला की नाही हे कळायच्या आत लोकअदालतीत मिटवू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दोन लाखांवर सही केली आणि पुढे पाय आखूड निघाला, तर कुणाकडे जाणार?

मग पोलिसांच्या कागदांचं काय? नवीन नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. तो अहवालच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो, असंही कायदा म्हणतो. छान आहे. पण तो जाणार अपघाताच्या हद्दीतल्या न्यायाधिकरणाकडे, आणि गेला की नाही हे तुम्हाला कुणी घरी येऊन सांगणार नाही. तुम्ही तुमचा अर्ज स्वतंत्र घाला आणि त्यात स्पष्ट लिहा, की असा अहवाल तिकडे गेला असल्यास आमचं काम बेळगावातच चालवायचं आहे. दोन ठिकाणी दोन केसेस चालल्या तर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं. सध्या एफआयआरची प्रत आणि गाडीचा नंबर असेल तर अर्ज तयार होतो. पंचनामा, ब्रेक इन्स्पेक्टरचा रिपोर्ट, दोषारोपपत्र मागाहून जोडा.

कोल्हापूरला जायची गरज नाही. कलम 166 मध्ये तीन ठिकाणं दिलीत: अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे. निवड तुमची. सीमाभागातल्या माणसाला कायद्याने दिलेली इतकी सोयीची गोष्ट दुसरी नसेल. चोरला घाटात गोव्याच्या हद्दीत अपघात झाला तरी खानापूरचा माणूस इकडेच केस घालू शकतो. निपाणीकराला कोगनोळी नाक्याच्या पलीकडे कागलजवळ लागलं तरी तेच. उलट चंदगडच्या माणसाला हिंडलग्यात कुणी धडक दिली, तर तोही आपल्या जिल्ह्यात जाऊ शकतो. राहण्याचा पुरावा म्हणून आधार किंवा रेशनकार्ड बेळगावच्या पत्त्याचं असावं, इतकंच. भाऊ कामासाठी कोल्हापूरला राहत असेल आणि आधार तिकडचं केलं असेल, तर आत्ताच सांगा.

बेळगावात घालायचं तर भाषेचा हिशेब करावा लागतो. तुमच्या केसमध्ये एफआयआर आणि पंचनामा मराठीत, दवाखान्याचे कागद इंग्रजीत, आणि कोर्टाचं कामकाज कन्नड-इंग्रजीत. मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. घरच्या पोराकडून करून घेऊ नका. पंचनाम्यात "रस्त्याच्या डाव्या साईडपट्टीवर" हे तीन शब्द चुकले की चूक कुणाची हा प्रश्नच उलटा होतो. उलट दिशेचा त्रास जास्त मोठा आहे, हद्द इकडची असली तर. जबाब कन्नडमध्ये लिहितात, माणूस घाबरलेला, सही करतो. माझ्याकडच्या एका कामात जखमीच्या जबाबात तो स्वतः घसरून पडल्याचं लिहिलं होतं. त्याने मराठीत सांगितलेलं वेगळंच होतं. लिहिणाऱ्याला मराठी नीट कळलं नसावं, वाईट हेतू असेलच असं नाही, पण ते खोडायला दीड वर्ष गेलं. म्हणून सही करण्याआधी "वाचून दाखवा, मराठीत सांगा" असं म्हणा. तो तुमचा हक्क आहे, आणि नम्रपणे सांगितलं तर बहुतेक जण सांगतात. कोर्टात भावाची साक्ष होईल तेव्हाही तो मराठीत बोलला तरी चालतं. न कळता मान डोलावू नये.

आता दवाखाना. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी काय मागवतो माहिती आहे? बिलं नव्हे. भरती झाल्याच्या रात्रीचा केसपेपर आणि एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसची दवाखान्यातली नोंदवही. त्यात पहिल्या ओळीला 'हिस्टरी' लिहिलेली असते: पेशंटला कसं लागलं. तिथे 'आरटीए', म्हणजे रस्ता अपघात, असेल, सोबत चारचाकीने ठोकलं असं असेल, तर अर्धी लढाई झाली. पण अनेकदा घाबरलेला मेहुणा किंवा मित्र पोलिसांची भानगड नको म्हणून "गाडीवरून पडला" असं सांगून मोकळा होतो. रात्री अकराला कॅज्युअल्टीत बोललेलं ते एक वाक्य तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात समोर येतं. तुमच्या भावाचा केसपेपर आजच मागा आणि पहिली ओळ वाचा. चुकीचं असेल तर लपवू नका, वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवा. घेऊन कोण गेलं होतं, काय सांगितलं, का सांगितलं, हे त्या माणसाच्या साक्षीने समजावता येतं. ऐनवेळी बाहेर आलं तर नाही.

फिर्याद उशिरा झाली असेल तर एवढ्याने केस जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की माणूस आधी जखमीला वाचवेल की ठाण्यात धावेल? पण उशीर का झाला ते फिर्यादीत लिहिलेलं हवं.

आणि नावं. आधारवर एक, बँकेत दुसरं, कन्नड कागदावर तिसरं. 'लक्ष्मण'चं 'लखमन्ना' झालेलं मी पाहिलंय. पैसे मंजूर होऊन खात्यात जमा होत नाहीत, कारण नाव जुळत नाही. आत्ता वेळ आहे तोवर एकसारखं करून घ्या.

किती मिळेल हे तुम्ही विचारलं नाही, पण एजंटाने आकडा सांगितला असणारच. हिशेबाची रीत ठरलेली आहे. वय 31 ते 35 ला गुणक 16. समजा भावाची कमाई महिना 15,000 धरली आणि कामाच्या दृष्टीने अपंगत्व 20 टक्के धरलं: 15,000 गुणिले 12 गुणिले 16, त्याचे 20 टक्के, म्हणजे 5,76,000. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीसाठी 40 टक्के धरतात. कोर्टाने ते मान्य केलं तर 8,06,400. त्यावर उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, यातना वगैरे वेगळं, आणि अर्ज घातल्यापासून व्याज, आमच्याकडे बहुधा सहा टक्के.

वाद होतो तो त्या 20 टक्क्यांवर. डॉक्टर दाखल्यात लिहितील, उजव्या पायाचं अपंगत्व 36 टक्के. कर्नाटकात कोर्टं बहुतेक वेळा एका अवयवाच्या टक्क्यांचा तिसरा हिस्सा पूर्ण शरीराचा म्हणून धरतात: 36 चे 12. पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय, की कागदावरचं अपंगत्व आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी. कारकुनाचा पाय आणि गवंड्याचा पाय सारखा नाही. गवंडी परांचीवर चढतो, उकिडवा बसून फरशी लावतो, सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढतो. साक्षीत "काम जमत नाही" एवढंच सांगितलं तर 12 टक्के मिळतील. परांचीवर का चढता येत नाही हे सांगितलं तर पुढची गोष्ट सुरू होते. म्हणून ज्या मेस्त्रीच्या हाताखाली तो काम करायचा त्याला साक्षीला आणा, आणि मजुरीची वही असेल तर ती ठेवा. काहीच पुरावा नसेल तर कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लोकअदालतीसाठी वर्षवार ठरवलेला उत्पन्नाचा तक्ता वापरतात. पण चांगल्या गवंड्याची हजेरी त्यापेक्षा जास्त असते, हे तुम्हालाही माहिती आहे.

भावाकडे लायसन्स होतं का, हेल्मेट होतं का, हे विचारतील. नव्हतं म्हणून क्लेम आपोआप बुडत नाही. धडक मागून झालीय, चूक कुणाची हे वेगळं ठरतं. काही टक्के कापले जाऊ शकतात. पिकअपवाल्याकडे लायसन्स नसेल तर घाबरू नका. बहुधा विमा कंपनीला आधी तुम्हाला द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पिकअपचा विमाच संपलेला असेल तर मात्र अवघड. तेव्हा मालकाची शेतजमीन शोधायची वेळ येते. आणि चूक भावाचीच निघाली, तर त्याच्या मोटारसायकलच्या पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे का ते बघा, कागद घरात असेलच. मात्र त्यात मृत्यू किंवा मोठं कायमचं अपंगत्व लागतं, नुसत्या फ्रॅक्चरला ते उपयोगी नाही.

ओळखीत कुणाचं दुसऱ्या प्रकारचं प्रकरण असेल, तर ही सहा महिन्यांची मुदत तिथे लावू नका. उद्यमबागच्या फाउंड्रीत हात अडकला तर कामगार नुकसानभरपाईचा दावा (आधी 1923 चा कायदा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता), मुदत दोन वर्षं, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. पण कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर रस्ताच वेगळा. गाडीवरचा ड्रायव्हर-क्लीनर कामावर असताना जखमी झाला तर दोन कायद्यांपैकी एकच निवडावा लागतो, दोन्हीकडे मागता येत नाही. रेल्वेतून पडला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, एक वर्ष. मिरजेच्या किंवा बेळगावच्या दवाखान्यात उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोग, दोन वर्षं, आणि तिथेही आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विजेच्या तारेने माणूस गेला तर वारसांच्या दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षं. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमेला 50,000.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणाऱ्यांबद्दल मला दर वर्षी तेच सांगावं लागतं. ट्रॉलीचं वेगळं रजिस्ट्रेशन आणि वेगळा विमा नसेल तर कंपनी हात वर करते. विमा ट्रॅक्टरचा आहे, बसलेला माणूस ट्रॉलीत होता. अशा कामात निवाडा होतो आणि पैसे मालकाकडून निघत नाहीत.

तीस टक्क्यांचं शेवटी. वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. एजंटाला तर कोर्टात उभंच राहता येत नाही. तो तुमचे कागद कुठल्यातरी वकिलाकडे नेऊन देणार आणि मधले पैसे घेणार. फी ठरावीक ठरवा, लेखी. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, फोन 15100. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या अटीवर. मूळ कागद एजंटाकडे दिले असतील तर उद्याच परत घ्या, आणि द्यायला कुरकुर केली तर एफआयआरच्या नंबरावरून नवी प्रत काढता येते, त्याच्या मागे आठवडा घालवू नका.

पहिल्या भेटीला भावाला आणायची गरज नाही, काठीने जिना चढवू नका. वकीलपत्र घरी नेऊन सही घेतली तरी चालते. फक्त एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आधार, आणि त्या रात्रीच्या केसपेपरची झेरॉक्स, एवढं आणा.